कड्यावरून पुढे चालत गेलेला माणूस नेमका केव्हा पडतो?

एका लेखकाने आपल्या कथेसोबत पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी विनोदी कथा लिहितो. माझ्या ताज्या कथेतल्या माणसाला एके सकाळी गुरुत्वाकर्षण उलटं लागू होतं आणि तो छतावर चालू लागतो. मग तो भिंतीतून आरपार जातो, घड्याळं मागे फिरतात, शेवटी चंद्र अंगणात उतरतो. लिहिताना मला हसू आवरत नव्हतं, पण वाचणारे 'काहीही!' म्हणतात आणि गप्प बसतात. भौतिकशास्त्राचे नियम धाब्यावर बसवायचे तर ते किती? आणि त्यासाठी आधी भौतिकशास्त्र यावं लागतं का?"

उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

मी वीसेक वर्षं कार्टूनपटांचे गॅग, म्हणजे पडद्यावरचे छोटे दृश्यविनोद, लिहितोय. त्याआधी दुसऱ्यांच्या गॅगसाठी इन-बिटवीन काढत बसायचो. म्हणजे माणूस कड्यावरून पडतोय याची मुख्य चित्रं दुसरा कुणी काढणार आणि मधली सगळी मी. त्यामुळे माणूस कसा पडतो यापेक्षा तो कसा पडत नाही, याचा मला अनुभव जास्त.

तुमच्या वाचकांनी रोगाचं नाव अचूक सांगितलंय. या गोष्टीत काहीही होऊ शकतं हे एकदा कळलं, की भिंतीतून जाणारा माणूस आणि दारातून जाणारा माणूस यांत वाचकाला फरक उरत नाही. तो हसणार कशाला?

एक चित्र डोळ्यांपुढे आणा. एक माणूस फांदीच्या टोकाला बसलाय आणि बुंध्याच्या बाजूने तीच फांदी करवतीने कापतोय. शेखचिल्लीच्या गोष्टीत हे चित्र आहे, कालिदासाच्या दंतकथेतही आहे. फांदी तुटते, माणूस आपटतो, आपण हसतो. इथे भौतिकशास्त्राला धक्काही लागलेला नाही; वेडा आहे तो माणूस. सोळाव्या शतकाच्या अखेरीस छापल्या गेलेल्या जर्मन विनोदी कथांमधले शिल्डा गावचे नागरिक खिडक्या नसलेलं सभागृह बांधतात आणि आत उजेड हवा म्हणून पोत्यांत ऊन भरून आणतात. तेही याच घराण्यातले. पोतं आत नेऊन उघडलं तरी काळोख तसाच राहतो, कारण जग शहाणं आहे.

आता तेच चित्र कार्टूनवाल्याच्या हातात द्या. करवत आरपार जाते, 'कट्' असा आवाज होतो, फांदी जागच्या जागी राहते आणि झाड कोसळतं. आता वेडं कोण? जग. आणि म्हणूनच माणूस शहाणा असायला लागतो. तो करवत पुसतो, पिशवीत ठेवतो, दिवसभराचं काम उरकल्याच्या समाधानात घरी जायला निघतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की फांदीवरून उतरायला झाड हवं. ते तर खाली पडलंय.

तुमच्या कथेत माणूसही वेडा आहे आणि जगही. छतावर चालायला लागल्यावर तो नाचतो, आरोळ्या ठोकतो, शेजाऱ्यांना टपल्या मारतो. दोघेही वेडे असले की वेडेपणा मोजायला पट्टीच राहत नाही. या प्रकारात पात्र जितकं व्यवहारी, चिकट, वेळेवर कामाला जाणारं, तितकं बरं. छतावर जाग आल्यावर त्याला पहिली काळजी पडायला हवी ती चपला खाली राहिल्याची.

आता 'किती नियम मोडायचे?'

एक.

दुसरा मोडायचा असेल तर तो पहिल्यातूनच निघायला हवा. बाकी सगळे नियम नेहमीपेक्षा कडक पाळायचे. हे शिस्तीचं काम आहे म्हटलं की नवी मुलं हिरमुसतात, पण कार्टूनपटाच्या धंद्यात पहिल्याच महिन्यात हे हाडीमासी भिनवतात. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोघा जुन्या कलाकारांनी १९८१ साली अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं पुस्तकात नोंदवली, त्यातलं पहिलं 'स्क्वॉश अँड स्ट्रेच', म्हणजे चेपणं आणि ताणणं. चेंडू जमिनीवर आदळताना भाकरीसारखा चपटा होतो, उसळताना काकडीसारखा लांबतो. खरा चेंडू इतका कधीच बदलत नाही. पण एक अट आहे: आकारमान तेवढंच राहिलं पाहिजे. चपटा झाला तर रुंद व्हायलाच हवा, लांबला तर बारीक. ही अट विसरून मी एकदा उसळणारा चेंडू नुसताच लांब करत गेलो होतो. पडद्यावर तो उसळतोय असं वाटेचना, कुणीतरी त्यात हवा भरतंय असं दिसत होतं. रबराचा माणूस, इस्त्री केल्यासारखा सपाट झालेला बोका, दाराच्या फटीतून सरकणारा हत्ती, हे सगळे या एका अटीवर उभे आहेत. अशक्य गोष्टीला वजन येतं ते तिच्या शेजारच्या शक्य गोष्टीमुळे.

आपल्याकडे याचा फार जुना नमुना आहे. ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेलं ते कूट: काट्याच्या अणीवर तीन गावं वसली, दोन ओसाड, एक वसेचिना. जे वसेचिना तिथे तीन कुंभार आले, दोन थोटे, एकाला घडेचिना. ज्याला घडेचिना त्याने तीन मडकी घडवली... आणि साखळी अशीच पुढे जाते. त्याचा रोख अध्यात्माकडे आहे, विनोदाकडे नाही, हे कबूल. पण कारागिरी बघा. दर पायरीला तीन वस्तू, त्यांतल्या दोन निकामी, तिसरीचं मुळात जमतच नाही, आणि पुढची पायरी त्या न जमलेल्या तिसरीवरच उभी. शाळेतल्या गणितापेक्षा शिस्त कडक आहे. मधल्या एखाद्या ओळीत कुंभाराऐवजी उडता घोडा आला असता तर सगळं कोसळलं असतं.

आता तो कडा. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पोट याच्यावर भरलंय.

वाइल ई. कायोटी हा कोल्ह्यासारखा प्राणी आणि त्याच्या कधीच हाती न लागणारा रोड रनर पक्षी, ही कार्टूनमधली जोडी १९४९ साली पडद्यावर आली. चक जोन्स दिग्दर्शक, मायकेल माल्टीज लेखक. कायोटी धावता धावता कड्याच्या पुढे जातो, हवेत धावत राहतो, थांबतो, खाली बघतो आणि मग पडतो. ही युक्ती त्यांच्याही आधीची, पण त्या जोडीने तिचा कायदाच करून टाकला. मार्क ओडॉनेल या विनोदी लेखकाने १९८० साली 'एस्क्वायर' मासिकात कार्टूनमधल्या गतीचे नियम लिहून काढले, तेव्हा पहिलाच नियम हा घेतला: अधांतरी असलेली वस्तू आपली परिस्थिती तिच्या ध्यानात येईपर्यंत अधांतरीच राहते. गुरुत्वाकर्षणाचं वागणं इथे एखाद्या कचेरीसारखं आहे. नोटीस हातात पडल्याशिवाय कारवाई नाही.

म्हणजे नीट पाहिलं तर इथे नियम मोडलेला नाही, तो उशिरा आलाय. माणूस पडणारच आहे. तो कायमचा हवेत चालत राहिला तर त्याला उडता येतं एवढाच अर्थ उरतो, आणि उडता येणाऱ्याला कुणी हसत नाही. हसू त्या उशिरात आहे, आणि उशीर मोजता येतो.

सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं. माझ्या एका जुन्या गॅगची एक्सपोजर शीट, म्हणजे कुठलं चित्र किती फ्रेम दिसेल याचा तक्ता, अजून माझ्याकडे आहे. जाड्या कोतवाल पळत कड्यापलीकडे जातो. पाय थांबायला ६ फ्रेम. मग काहीच नाही, फक्त शेपटीसारखा मागे उडालेला फेटा हळूहळू खाली लोंबतो, १० फ्रेम. डोळे खाली, ४ फ्रेम. डोळे पुन्हा वर, थेट प्रेक्षकाकडे, आणि तिथे १८ फ्रेम संपूर्ण स्थिर. एकदाच पापणी लवते. मग पडणं, आणि तेही एकदम नाही. आधी पोट जातं, मान ताणली जाते, चेहरा आहे तिथेच. शेवटी चेहरा, आणि त्यानंतर ५ फ्रेमनी फेटा.

ते १८ आले कुठून? निर्मात्याच्या माणसाने भाग लांबलाय म्हणून तो थांबा ८ फ्रेमवर आणायला लावला होता. आणला. मुलांना दाखवला तेव्हा खोलीत चिडीचूप. कोतवाल नुसताच पडला. त्याला कळलं हे मुलांना कळायच्या आत. मग मी चिडून ४० केला, तर मुलं त्याच्याआधी हसून मोकळी झाली आणि उरलेल्या वेळात एकमेकांना चिमटे काढू लागली. १८ वर ती त्याच्याबरोबर हसली. हा काही सार्वत्रिक आकडा नव्हे. त्या कोतवालाचा होता. बारीक, घाबरट पात्राला मी १२ दिले असते.

खरा माणूस त्या १८ फ्रेमच्या पाऊण सेकंदात पावणेतीन मीटर खाली गेलेला असतो. कड्याबाहेर पाऊल पडल्यापासून धरलं तर एका सेकंदात ४.९ मीटर, दोन सेकंदांत १९.६, तीन सेकंदांत ४४. आडवा वेग कितीही असो, पडणं पहिल्या क्षणापासून सुरू होतं. मग प्रेक्षकाला हे इतकं खोटं पटतं कसं?

याचं उत्तर मला फार उशिरा सापडलं, आणि तेव्हापासून लिहिणं बदललं. चौदाव्या शतकात आल्बर्ट ऑफ सॅक्सनी नावाचे विद्वान होते. फेकलेल्या वस्तूचा प्रवास त्यांनी तीन टप्प्यांत सांगितला: आधी फेकण्याचा जोर तिला सरळ नेतो, मग जोर ओसरताना मार्ग वाकतो, आणि जोर संपला की ती थेट खाली. १५३७ साली टार्टाग्लियाने तोफगोळ्याचे मार्ग छापले, तेही साधारण असेच: सरळ रेघ, कमान, सरळ खाली. हे सगळं चूक आहे आणि मार्ग पॅराबोला, म्हणजे सुरुवातीपासूनच वाकत जाणारी अखंड कमान, असतो, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात मांडलं. आता कायोटीचा मार्ग आठवा. सरळ, थांबा, खाली. तो मध्ययुगातलं भौतिकशास्त्र काटेकोरपणे पाळतोय!

आणि ते मध्ययुग आपल्या डोक्यातून गेलेलं नाही. १९८० च्या आसपास मायकेल मॅक्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना साधे प्रश्न घातले. चालता चालता हातातला चेंडू सोडला तर तो कुठे पडेल? बऱ्याच जणांनी सांगितलं, सोडला तिथेच, सरळ खाली. खरं तर तो चालणाऱ्याबरोबर पुढे जात जात पडतो. गोल वळवलेल्या नळीतून बाहेर पडलेली गोळी पुढे कशी जाईल? कितीतरी जणांनी वळणदार रेघ काढली. ती सरळ जाते. त्यांतले काही जण भौतिकशास्त्र शिकलेलेही होते.

लेखकाच्या कामाची गोष्ट यात अशी की, अशक्य गोष्टींतही दोन प्रकार आहेत. काही अशक्य गोष्टी आपल्या पोटातल्या समजुतीला पटतात: जोर संपेपर्यंत पडू नये, दिसत नाही ते लागू नये, भिंतीवर रंगवलेल्या बोगद्यात शिरता यावं, घट्ट डोळे मिटले की आपण दिसू नये. या गोष्टी चुकीच्या आहेत हे डोक्याला ठाऊक असतं, पण पोट कुरकुर करत नाही. दुसऱ्या गोष्टी दोघांनाही पटत नाहीत. तुमचा अंगणात उतरणारा चंद्र या दुसऱ्या प्रकारातला आहे. माणूस छतावर चालतो तो पहिल्या. लहानपणी हातात आरसा आडवा धरून, त्यात छत बघत घरभर फिरला नसाल तर आज फिरून बघा. दाराच्या चौकटीपाशी पाय आपोआप उचलला जातो.

मूल आणि विज्ञान या विषयावर २०१५ मध्ये एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. अकरा महिन्यांच्या बाळांना त्यांनी छोट्या युक्त्या दाखवल्या. काहींना खेळणं भिंतीतून आरपार गेल्यासारखं दिसलं, काहींना ते आधाराशिवाय हवेत राहिल्यासारखं. मग खेळणं त्यांच्याच हातात दिलं. भिंतीतून गेलेलं खेळणं बाळं आपटून बघायला लागली. तरंगलेलं खेळणं ती वरून खाली टाकून बघायला लागली. बोलताही न येणारं बाळ विचारतंय: बरं, मग हे असं असेल तर *हे* काय होईल?

तुमचा वाचक नेमकं हेच करत असतो. छतावर चालणारा माणूस दाखवलात की तो लगेच मनात आपटून बघतो: याचे केस कुठल्या दिशेला? खिशातली किल्ली कुठे पडेल? आंघोळ? आणि तुम्ही उत्तर द्यायच्या ऐवजी त्याच्यापुढे दुसरं खेळणं धरता, भिंतीतून जाणं. त्याने ते आपटायच्या आत तिसरं. मूल असतं तर रडलं असतं. वाचक 'काहीही!' म्हणतो.

भौतिकशास्त्र यावं लागतं का? परीक्षेपुरतं नाही. पण ज्या नियमाशी खेळायचं त्याची खरी चाल माहीत असली की फुकटचे विनोद हाती लागतात. मी एकदा उशिरा चालणाऱ्या आरशावर लिहिलं होतं. समोर उभं राहिलं की आपण दहा मिनिटांनी दिसतो. माणूस सकाळी आरशासमोर उभा राहून भांग पाडतो, कामावर जातो. मागून चोर शिरतो, आणि आरशात घरमालक शांतपणे भांग पाडताना बघून माफी मागून निघून जातो. सुचलं तेव्हा ती निव्वळ थाप होती. मग हिशेब केला. प्रतिबिंब खरोखरच उशिरा येतं: अर्ध्या मीटरवरच्या आरशापर्यंत जाऊन परत यायला प्रकाशाला सुमारे ३.३ नॅनोसेकंद लागतात. सूर्य तर आपल्याला ८ मिनिटं २० सेकंद जुना दिसतो. १९९९ साली लेने हाऊ यांच्या गटाने अतिथंड सोडियमच्या अणूंमधून जाणारा प्रकाशाचा झोत सेकंदाला १७ मीटरवर आणला होता, म्हणजे शर्यतीत जोरात सायकल मारणाऱ्याच्या आवाक्यात. माझ्या आरशासाठी मात्र सेकंदाला पावणेदोन मिलिमीटरहूनही कमी वेग हवा. मुंगी आरामात पुढे जाईल. तो आकडा कागदावर आल्यावर शेवट आपोआप सुचला: एक मुंगी माणसाच्या नाकावरून आरशाकडे जाते आणि तिथे पोचून बघते तर तिचं स्वतःचं प्रतिबिंब अजून निघालेलंच नाही.

तुम्ही पडद्यासाठी नाही, कागदासाठी लिहिता. तुमच्याकडे फ्रेम नाहीत. मग तो थांबा आणायचा कुठून? इथे मराठीने तुमची सोय करून ठेवलीय. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ते येईपर्यंत माणूस हवेत ठेवता येतो. तुमचं वाक्य बघा: "आणि काय आश्चर्य! तो चक्क हवेत चालू लागला आणि खाली पाहताच धाडकन कोसळला!" यात 'आश्चर्य', 'चक्क' आणि 'धाडकन' हे तीन शब्द वाचकाचं काम तुम्हीच करून टाकतात. मी असं काहीतरी केलं असतं:

"कडा संपल्यानंतरही, हातातली कामांची यादी वाचत, त्यातली दोन उद्यावर ढकलत, तिसरं नीट लागेना म्हणून चष्मा पुसायला थांबून सहज खाली नजर जाईपर्यंत, तो चालत होता. चष्मा त्याच्यानंतर पोचला."

दुसऱ्या वाक्यात पडल्याचा उल्लेखसुद्धा नाही. आणि चष्मा उशिरा पोचणं हा वेगळा, छोटा गुन्हा आहे (खरं तर दोघं बरोबरच पोचायला हवेत), पण तो पहिल्याचाच धाकटा भाऊ: चष्म्यालाही नोटीस उशिरा मिळाली. आवाज चढवू नका. सरकारी पंचनामा लिहिणाऱ्याचा सूर ठेवा. आकडे देताना गोल देऊ नका. 'खूप उंच' पेक्षा 'दहा फूट' बरं आणि 'दहा फूट' पेक्षा 'सव्वानऊ फूट' बरं. ज्याने मोजलंय तो थाप मारत नसणार, असं वाचकाचं मन म्हणतं. दलदलीतून स्वतःला स्वतःच्याच केसांनी उपसून काढणारा तो जर्मन सरदार म्युनशाउझेन बघा. स्वतःला उचलता येत नाही, कारण जितक्या जोराने हात केस वर ओढतो तितक्याच जोराने केस हाताला खाली ओढतात. पण गोष्ट रंगते ती एका तपशिलामुळे: तो घोडाही बरोबर काढतो, गुडघ्यांत घट्ट आवळून. इतका जबाबदार माणूस खोटं कशाला बोलेल!

इजेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लागलं पाहिजे, पण राहिलं नाही पाहिजे. पुढच्या दृश्यात माणूस ठीक, फेटा मात्र चेपलेलाच. बस्टर कीटनवर १९२८ च्या मूकपटात घराची अख्खी दर्शनी भिंत पडते आणि तो नेमका खिडकीच्या जागी उभा असल्यामुळे वाचतो. ती भिंत खरी होती, म्हणून तिथे हसताना श्वास अडकतो. तो वेगळा खेळ आहे आणि तो तुम्ही कागदावर करू नका.

आता तुमची कथा. चंद्र काढून टाका. घड्याळं काढा. भिंतीतून जाणंही, मन घट्ट करून, काढा. उरला छतावरचा माणूस.

पहिला निर्णय तुम्ही टाळलाय: उलटं गुरुत्वाकर्षण फक्त त्याला की त्याच्या वस्तूंनाही? तुमच्या दुसऱ्या पानावर त्याचा सदरा वर पडतो आणि चौथ्या पानावर रुमाल खाली. वाचकाने ते पकडलंय, तुम्हाला सांगितलं नसेल इतकंच. मी ठरवलं असतं: जे जे त्याच्या मालकीचं, ते वर पडतं. दुसऱ्याचं ते खाली. हा झाला आपला एकमेव नियम. आता बाळासारखं आपटून बघू.

सदरा त्याचा, तो छताकडे नीट बसतो. चष्मा मित्राचा उसना आणलेला. तो नाकावरून कपाळाकडे घसरून सारखा जमिनीवर पडतो, म्हणून दोरीने बांधलाय. कुणी त्याचे पैसे परत केले की हातात पडताक्षणी ते मनगट वर ओढतात. त्याचं पाकीट चोरीला गेलं तर चोराच्या खिशात ते वरच ओढत राहील, आणि सगळ्या गावात एकाच माणसाचा खिसा उलटा फुगलेला दिसेल. मालकीचा वाद कोर्टात गेला तर पाकीट दोघांच्या मधोमध, निकाल लागेपर्यंत तरंगत.

घराबाहेर पडायचं कसं? उघड्यावर आला की आकाशात पडेल. मार्ग एकच: दुसऱ्यांच्या वस्तू अंगावर बाळगायच्या. कपड्यांसकट तो ७० किलोचा असेल तर ७५ किलोचं उसनं सामान घेऊन तो जमिनीवर पाच किलो वजनाने चालेल. म्हणून तो लोकांची पुस्तकं परत करत नाही. आयुष्यभर ज्याला सगळे बुडव्या म्हणत आले त्याला पहिल्यांदाच सबळ कारण मिळालंय. आणि इथे तुम्ही विचारलेलं भौतिकशास्त्र उपयोगी पडतं: वजन पाच किलोचं झालं तरी वस्तुमान १४५ किलोचंच आहे. पायांना पकड नाही, पण एकदा गती घेतली की थांबवायला तेवढाच जोर हवा. तो पुस्तकांच्या गाठोड्यांसह कोपऱ्यावर वळायला जातो आणि सरळच पुढे जातो. दर कोपऱ्यावर. ग्रंथपाल समोरून येत असताना.

आणि घर. ते आतापर्यंत भाड्याचं होतं म्हणून छत त्याला धरून होतं. आता बायकोच्या आग्रहाने तो ते कर्ज काढून विकत घेतो. दर हप्त्यागणिक घराचा थोडा भाग त्याचा होतो, म्हणजे तेवढा भाग वर पडू लागतो. दारं आधी कुरकुरतात. निम्मं कर्ज फिटतं त्या दिवशी घराचं वजन बरोबर शून्य. मांजराने उडी मारली तरी पाया थरथरतो. नव्वद टक्के फिटलं की घर आपल्या मूळ वजनाच्या ऐंशी टक्के जोराने पायाला वर उपटतंय. तो हप्ते चुकवायला बघतो. बँकेचा माणूस रोज येतो, खाली उभा राहून छताकडे बघत सौम्य आवाजात म्हणतो की आता फक्त एकच हप्ता राहिलाय, तो भरून एकदाचे मोकळे व्हा.